अडीच इंचांचा फरक : एडिनबरा–डालकीथ रेल्वेचे प्रकरण

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराच्या दक्षिण अंगाला, आर्थर्स सीट या विझलेल्या ज्वालामुखीच्या कुशीत, अर्ध्या किलोमीटरहून किंचित लांब असा एक बोगदा आहे. त्यातून आज सायकली आणि पायी फिरायला निघालेली माणसे जातात. आतला चढ ३० ला १ आहे, म्हणजे तीस फूट पुढे गेले की एक फूट वर. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना भोर घाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठीही गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ३० ला १ ही काय चीज आहे ते समजते. हा बोगदा एडिनबरा–डालकीथ रेल्वेने खोदला. ही रेल्वे १८३१ मध्ये सुरू झाली. ती कोळशासाठी बांधली होती, घोडे तिला ओढत होते, नाव मात्र तिने प्रवाशांमुळे कमावले, आणि सुरू होऊन पंधरा वर्षे भरण्याआधीच ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली.

लोकांची एवढी पसंती मिळालेली रेल्वे इतक्या लवकर दुसऱ्याच्या हाती का गेली, याचे ठरलेले उत्तर असे दिले जाते की वाफेच्या युगात ती घोड्यांना चिकटून राहिली, म्हणून मागे पडली. हे उत्तर सोपे असले तरी मला ते पुरेसे वाटत नाही. या रेल्वेचे निर्णय ज्या साली घेतले गेले त्या सालात उभे राहून पाहिले तर घोड्यांची निवड शहाणपणाची होती असेच दिसते. अडचण घोड्यांपेक्षा अधिक पक्क्या, सहजी न बदलता येणाऱ्या दोन गोष्टींत होती. एक, रुळांमधले अंतर. दुसरी, शहराच्या टोकाला मालधक्क्यासाठी निवडलेली जागा. आणि कंपनी गेल्यानंतर जे टिकले ते रूळ नव्हते, गाड्या नव्हत्या आणि घोडेही नव्हते. टिकली ती मार्गाखालची अरुंद जमिनीची पट्टी.

कोळसा जवळ, पण महाग

एडिनबऱ्याला जुने लोक 'ऑल्ड रीकी' म्हणत, म्हणजे धुरकट म्हातारी. घराघरांतल्या चुलींमधून आणि शेकोट्यांमधून निघणाऱ्या दगडी कोळशाच्या धुरामुळे हे नाव पडले. थंड प्रदेशातल्या त्या शहराला कोळसा हा धान्याइतकाच नित्याचा लागे. खाणीही दूर नव्हत्या. शहराच्या आग्नेयेस डालकीथ, न्यूबॅटल, आर्निस्टन, शेरिफहॉल या परिसरात कोळशाचे मोठे साठे होते आणि ते लोथियनचे मार्क्विस, बक्लूचे ड्यूक, आर्निस्टनचे डंडास घराणे, सर जॉन होप अशा बड्या जमीनदारांच्या मालकीचे होते. खाणीपासून शहरापर्यंतचे अंतर दहा-पंधरा किलोमीटरच होते, पण ते बैलगाडीच्या जातीच्या घोडागाड्यांनी, खराब रस्त्यांवरून, जागोजागी पथकर भरत कापावे लागे. कोळसा खाणीच्या तोंडाशी स्वस्त आणि गिऱ्हाइकाच्या दारात महाग, हे तेव्हाचे रोजचे चित्र होते.

त्यात १८२२ मध्ये युनियन कालवा खुला झाला. या कालव्याने पश्चिमेकडचा कोळसा होड्यांत भरून थेट शहराच्या कडेला आणून टाकायला सुरुवात केली. लोथियनच्या खाणमालकांना आतापर्यंत जी बाजारपेठ हक्काची वाटत होती, तिच्यात दूरचा माल पाण्यावरून येऊन उतरू लागला. जवळ असूनही आपण हरतो आहोत आणि याला कारण आपला कोळसा नसून आपला रस्ता आहे, हे त्यांच्या लक्षात आले.

रुळांचा विचार त्याआधीच सुरू झाला होता. दीपगृहांचे अभियंता म्हणून नाव कमावलेले रॉबर्ट स्टीव्हनसन यांनी १८१० च्या दशकाच्या अखेरीस मिडलोथियनच्या कोळसा पट्ट्यातून एडिनबरा आणि लीथ बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गांची पाहणी करून अहवाल दिला होता. तेव्हा पैसा उभा राहिला नाही. कालव्याची स्पर्धा अंगाशी आल्यावर मात्र खाणमालकांनी पुन्हा हालचाल केली, जेम्स जार्डीन यांना अभियंता नेमले आणि १८२६ मध्ये संसदेकडून कायदा मंजूर करून घेतला. एडिनबऱ्याच्या पाणीपुरवठ्याच्या कामामुळे जार्डीन यांची शहरात आधीच ख्याती होती. चढउतार मोजणे, समपातळी धरून वाट काढणे, हा त्यांचा हातखंडा होता. कायद्यात भांडवल सुमारे ७० हजार पौंडांचे धरले होते.

१८२६ चे निर्णय

आता त्या वर्षाच्या चौकटीत राहून निर्णय पाहू. स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे सुरू होऊन एक वर्षही झालेले नव्हते आणि तिथेही प्रवाशांचे डबे घोडेच ओढत होते. वाफेच्या इंजिनाच्या बाजूने कौल देणारी रेनहिलची चाचणी व्हायला १८२९ चा ऑक्टोबर उजाडायचा होता. लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे धावायला १८३० चा सप्टेंबर. अशा वेळी वाफेच्या चालत्या इंजिनावर पैसे लावणे म्हणजे अजून सिद्ध न झालेल्या गोष्टीवर भागधारकांची पुंजी लावणे होते. घोडा मात्र सिद्ध होता. रस्त्यावर जो घोडा एका टनाच्या आसपास ओझे ओढताना दमे, तोच घोडा लोखंडी रुळांवर, सपाटीला, त्याच्या कित्येक पट ओझे ओढू शके, कारण चाकाला चिखल आणि खड्डे यांचा अडथळा उरत नसे. कोळशाची वाहतूक स्वस्त करायला एवढी बचत पुरेशी होती.

कंपनीची मूळ कल्पनाही आजच्या अर्थाने रेल्वेची नव्हती, ती पथकराच्या रस्त्याची होती. कंपनीने रूळ टाकायचे, खाणमालकांनी आपापल्या वाघिणी आणायच्या आणि टनामागे, मैलामागे ठरलेला कर भरायचा. रस्ता एकाचा आणि गाड्या अनेकांच्या. ज्यांना टोलनाका ठाऊक आहे त्यांना ही व्यवस्था लगेच कळेल. तिच्यात सर्वांच्या गाड्यांची जबाबदारी एका कंपनीवर नव्हती आणि वेळापत्रकाची गरजही फारशी नव्हती. घोडे पुढच्या गाडीच्या मागे मागे चालत आणि एकेरी मार्गावर समोरासमोर आलेच तर बाजूच्या रुळावर वळवता येत.

रूळ कसे होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यातच या रेल्वेचा स्वभाव दिसतो. हल्ली रुळांखाली आडवे स्लीपर असतात. इथे प्रत्येक रुळाखाली ठरावीक अंतरावर स्वतंत्र दगडी ठोकळे पुरलेले होते. ठोकळ्याच्या माथ्यावर भोके पाडायची, त्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्या खुंट्यांत खिळे मारून ओतीव लोखंडाची बैठक पक्की करायची आणि त्या बैठकीत घडीव लोखंडाचा, पोटाकडे फुगीर असा रूळ बसवायचा. आडवे लाकूड नसल्यामुळे दोन रुळांच्या मधली जागा मोकळी राहत असे आणि घोड्याला टाप अडखळल्यावाचून चालता येत असे. म्हणजे सगळी रचना घोड्याच्या पावलाचा विचार करून केलेली होती. त्याच कारणाने ती जड इंजिनाला निरुपयोगी होती, कारण इंजिनाच्या धक्क्यांनी असे सुटे ठोकळे एकमेकांपासून सरकतात आणि रुळांमधले अंतर बिघडते.

रुळांमधले अंतर ४ फूट ६ इंच ठरले. स्कॉटलंडमध्ये त्या काळी हे माप अनोळखी नव्हते. ग्लासगोच्या पूर्वेकडच्या मंकलंड आणि किर्किंटिलोक रेल्वेने तेच वापरले होते आणि तिला जोडणाऱ्या शेजारच्या रेल्वेंनीही. वाघिणी आपल्याच खाणींतून आपल्याच मालधक्क्यापर्यंत जाणार, दुसऱ्या कोणत्या रेल्वेला जोड द्यायचीच नाही, तर मापाचा एवढा विचार कोण करतो? एडिनबऱ्याजवळ दुसरी रेल्वे होतीच कुठे!

राहिली शहराकडच्या टोकाची जागा. ती सेंट लेनर्ड्सला ठरली. ही वस्ती शहराच्या दक्षिण बाजूला, उंचावर आहे. कोळसा एकदा तिथे पोहोचला की जुन्या शहराच्या घरांपर्यंत गाड्यांनी उताराने नेता येत असे. मालाच्या दृष्टीने ही जागा नेमकी होती. पण तिथे चढायचे कसे? जार्डीन यांनी सुमारे एक किलोमीटर लांबीचा कललेला मार्ग आखला आणि त्याचा अर्धा भाग ज्वालामुखीच्या कठीण खडकातून बोगदा पाडून नेला. युनायटेड किंगडममधल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वे बोगद्यांत त्याची गणना होते. घोड्यांना हा चढ झेपणारा नव्हता, म्हणून माथ्यावर वाफेची स्थिर इंजिने बसवून वाघिणी दोराने वर ओढल्या जात. वाफ या रेल्वेत पहिल्या दिवसापासून होती, फक्त ती एका जागी उभी होती.

सुरुवात आणि न बोलावलेले प्रवासी

४ जुलै १८३१ रोजी सेंट लेनर्ड्सपासूनचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे दक्षिणेकडे डालहौसी मेन्सपर्यंत रूळ पोहोचले. मुख्य मार्ग आठ मैलांच्या आसपास होता. मसलबराजवळच्या फिशररो बंदराकडे एक फाटा निघाला. लीथ बंदराकडचा फाटा १८३० च्या दशकातच झाला. लोथियनच्या मार्क्विसांनी स्वतःच्या खर्चाने साउथ एस्क नदीवर पूल बांधून आपल्या खाणींपर्यंत रूळ नेले. मोठ्या खाणमालकांनी जोडरस्ते स्वतःच बांधायचे आणि कंपनीने मधला कणा सांभाळायचा, ही वाटणी दोन्ही बाजूंना सोयीची पडली.

त्यानंतर जे झाले ते कंपनीच्या कागदांत कुठेच नव्हते. मायकल फॉक्स नावाच्या एका गाडीवाल्याने जून १८३२ मध्ये, नेहमीच्या रस्त्यावरच्या डाकगाडीसारखी एक घोडागाडी रुळांवर आणली आणि तो माणसे नेऊ लागला. कंपनीला पथकर मिळत होता, तेव्हा हरकत घेण्याचे कारण नव्हते. लोक लोटले. पाहता पाहता डबे वाढले, आणि काही वर्षांतच कंपनीने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेतली. १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला अडीच ते तीन लाख माणसे या घोड्यांच्या गाड्यांतून प्रवास करीत होती. शहराची त्या वेळची लोकवस्ती पाहता हा आकडा केवढा मोठा होता हे सांगायला नको.

हे लोक जात कुठे? काही डालकीथच्या बाजाराला, काही मसलबरा आणि लीथकडे कामाला, आणि उन्हाळ्यात बरेचसे पोर्टोबेलोच्या वाळूत समुद्रस्नानाला. गाडी घोड्याच्या दुडक्या चालीने जाई. सुरुवातीला ठरलेली स्थानके अशी नव्हतीच. रस्त्यावरच्या गाडीला हात करावा तसा माणूस रुळांच्या कडेला उभा राही आणि आत चढे, उतरायचे तिथे सांगून उतरे. या रेल्वेवर तिकिटे देण्याची पद्धतही रुजली नाही. त्याचे जे कारण व्यवस्थापनाने दिल्याचे सांगतात ते आपल्याकडच्या कोणत्याही एसटी वाहकाला पटेल : काही प्रवासी कुठे जायचे ते सांगत नाहीत आणि काहींनी स्वतःच ते अजून ठरवलेले नसते.

एडिनबऱ्याचे प्रकाशक रॉबर्ट चेंबर्स यांनी या रेल्वेला 'इनोसंट' म्हटले आणि ते नाव तिला कायमचे चिकटले. मराठीत त्याला 'निष्पाप' म्हणावे की 'निरुपद्रवी', हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मला दुसरा शब्द अधिक जवळचा वाटतो. वाफेच्या गाड्यांचा वेग, आवाज आणि स्फोटाचे भय यांच्या शेजारी ठेवून पाहिले तर शेतातली पिके न्याहाळत, शेजाऱ्याशी गप्पा मारत जाणारी ही गाडी खरोखर निरुपद्रवी होती. त्या नावावरून पुढे अशी समजूत पसरली की या रेल्वेवर कधी कोणी दगावलेच नाही. ती धरून चालू नये. वर्षाला लाखो माणसे चालत्या गाडीत चढत-उतरत असताना आणि जड वाघिणी दोराने उतारावर सोडल्या जात असताना असे घडणे शक्य नव्हते.

आणि त्या नावाला आणखी एक बाजू आहे, जी सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. पूर्व स्कॉटलंडच्या खाणींत त्या काळी बायका आणि मुली कोळसा पाठीवर लादून जमिनीखालून वर वाहून आणीत. १८४२ च्या कायद्याने बायका आणि मुलींना, तसेच दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखालच्या कामाला बंदी झाली, तोवर हे चालू होते. या रेल्वेची पहिली दहा-अकरा वर्षे याच काळात मोडतात. खाणीच्या तोंडापासून एडिनबऱ्याच्या शेकोटीपर्यंतचा प्रवास रुळांनी सोपा केला. खाणीच्या तळापासून तोंडापर्यंतचा प्रवास तसाच, पाठीवरून, होत राहिला.

एक बाप, एक मुलगा आणि चाकांचा आकार

या कंपनीचे व्यवस्थापन पाहणारे डेव्हिड रँकिन हे पूर्वी सैन्यात लेफ्टनंट होते. त्यांचा मुलगा विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन विद्यापीठ पदवीविना सोडून १८३८ च्या सुमारास वडिलांच्या हाताखाली या मार्गावर काम करू लागला. त्या वेळी त्याचे वय अठरा होते. बाप-लेकांनी मिळून चाकांवर प्रयोग केले. रेल्वेची चाके शंकूसारखी किंचित निमुळती ठेवण्याचा प्रघात पडत होता, कारण वळणावर त्याने चाक रुळाला धरून राहते. पण सरळ मार्गावर तसे चाक गाडीला डावी-उजवीकडे झुलवते. सपाट, दंडगोलाकार चाकांनी हे झुलणे कमी होते का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांनी निष्कर्ष १८४२ मध्ये प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्र शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने 'रँकिन सायकल' काढलेली असते. औष्णिक वीजकेंद्रात कोळशापासून वाफ आणि वाफेपासून वीज कशी मिळते ते समजावणारे ते चक्र याच मुलाच्या नावाने ओळखले जाते. कोराडी किंवा चंद्रपूरच्या केंद्रात जे घडते त्याचे गणित मांडणारा माणूस घोड्यांच्या रेल्वेवर चाके मोजत अभियंता झाला, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

विक्री

१८४० चे दशक उजाडले आणि चित्र बदलले. नॉर्थ ब्रिटिश रेल्वे कंपनीला १८४४ मध्ये एडिनबरा ते बेरिक असा मार्ग बांधण्याचा कायदा मिळाला. तिचे अध्यक्ष जॉन लेअरमंथ यांचे लक्ष केवळ बेरिकवर नव्हते. दक्षिणेला हॉइककडे आणि पुढे कार्लाइलकडे जाणारी वाट आपल्या हाती असावी आणि प्रतिस्पर्धी कॅलेडोनियन कंपनीला त्या मुलखात पाय रोवता येऊ नये, असा त्यांचा बेत होता. त्या वाटेचा सुरुवातीचा तुकडा आयता तयार होता. शिवाय त्याला लीथ बंदराचा आणि मसलबऱ्याकडचा फाटा होता. १८४५ मध्ये नॉर्थ ब्रिटिशने एडिनबरा–डालकीथ रेल्वे १,१३,००० पौंडांना विकत घेतली.

या व्यवहारात नेमके काय विकत घेतले गेले ते पाहिले पाहिजे. रूळ हलके होते, ते काढून टाकायचे होते. दगडी ठोकळे निरुपयोगी होते. घोडे आणि डबे नव्या मालकाला नको होते. रुळांमधले अंतर ४ फूट ६ इंच होते आणि नॉर्थ ब्रिटिशचे ४ फूट साडेआठ इंच. फरक अडीच इंचांचा, म्हणजे हाताच्या तीन-चार बोटांच्या रुंदीएवढा. पण अडीच इंच असो की अडीच फूट, एकीकडची गाडी दुसरीकडे जात नाही म्हणजे नाही. कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल पोत्यापोत्याने बदलताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणजे एक लाख तेरा हजार पौंड मोजून नॉर्थ ब्रिटिशने विकत घेतली ती जमिनीची सलग पट्टी, त्यावरचे भराव, खोदकामे, पूल, संसदेने दिलेला हक्क आणि त्या वाटेवर आधीच बसलेले गिऱ्हाईक. मार्ग नव्याने घालून, वाफेच्या इंजिनांना पेलेल असा करून, रुळांमधले अंतर बदलून १८४७ पर्यंत तो आपल्या जाळ्यात सामील करून घेतला.

सेंट लेनर्ड्सच्या नशिबी काय आले हे सर्वांत बोलके आहे. नॉर्थ ब्रिटिशचे एडिनबऱ्यातील स्थानक जुन्या आणि नव्या शहराच्या मधल्या दरीत, नॉर्थ ब्रिज या पुलाजवळ होते. तिथेच पुढे वेव्हर्ली स्थानक वाढले. डालकीथकडच्या गाड्या पोर्टोबेलोमार्गे थेट तिथे येऊ लागल्यावर उंचावरच्या, दोराने चढवाव्या लागणाऱ्या सेंट लेनर्ड्सला प्रवासी कशाला जातील? १८४७ मध्ये तिथली प्रवासी वाहतूक थांबली. १८६० मध्ये काही महिने ती पुन्हा चालवून पाहिली, पण ती टिकली नाही. कोळसा मात्र तिथे १९६८ पर्यंत उतरत राहिला. जागा कोळशासाठी निवडली होती आणि कोळशासाठी ती सव्वाशेहून अधिक वर्षे योग्यच ठरली.

घोड्यांचा दोष किती?

घोडे ठेवले म्हणून ही रेल्वे संपली, हे म्हणणे तपासून पाहायचे तर त्याच काळातल्या, त्याच देशातल्या, त्याच मापाच्या, पण वाफेच्या रेल्वेकडे पाहावे. अशी एक रेल्वे आहे. गार्नकर्क–ग्लासगो रेल्वेचा कायदा १८२६ चाच. रुळांमधले अंतर तेच, ४ फूट ६ इंच. उद्देश तोच, कोळसा शहरात आणणे. तिचे औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर १८३१ रोजी झाले, म्हणजे एडिनबऱ्याच्या रेल्वेनंतर तीन महिन्यांच्या आत. फरक एवढाच की तिने सुरुवातीलाच इंग्लंडमधल्या स्टीफन्सन यांच्या कारखान्यातली वाफेची इंजिने आणली. तिचे काय झाले? १८४० च्या दशकातच ती कॅलेडोनियनने घेतली आणि तिचेही रूळ उखडून नव्या मापाने टाकावे लागले. मंकलंड–किर्किंटिलोक आणि तिच्या शेजारणींनाही १८४७ च्या सुमारास तेच करावे लागले.

या तुलनेवरून मला असे ठामपणे वाटते की इंजिन असो वा घोडा, १८४० च्या दशकात लहान, सुट्या रेल्वेला मोठ्या जाळ्यात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. घोड्यांमुळे फार तर विक्री थोडी लवकर झाली असेल. उलट घोड्यांमुळे एक फायदा झाला, जो सहसा कोणी मांडत नाही. कंपनीने न सिद्ध झालेल्या इंजिनांवर पैसे घालवले नाहीत. पहिली दहा वर्षे ज्या वेगाने इंजिनांची रचना बदलत गेली ते पाहता, १८२६ ला घेतलेले इंजिन १८३६ ला भंगारात गेले असते. घोडा मात्र कधीही बदलता येतो, विकता येतो, गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येतो.

चूक दाखवायचीच असेल तर ती मी मापात आणि कल्पनेत दाखवीन. आपली रेल्वे कधी दुसऱ्या रेल्वेला भेटेल, हा विचार खाणमालकांनी केला नाही. स्टॉकटन–डार्लिंग्टनचे माप ४ फूट ८ इंच होते आणि ते स्वीकारायला १८२६ मध्ये एक पै जास्त लागली नसती. पण हे आपण दोनशे वर्षांनंतर म्हणतो. ज्यांच्यासमोर कालव्याने स्वस्त केलेला कोळसा होता आणि रोजचे गिऱ्हाईक सुटत होते, त्यांना अडीच इंचांची फिकीर नव्हती, यात नवल नाही. प्रवासी वाहतुकीबाबतही तेच. माणसे येतील हे कोणी धरले नव्हते, म्हणून स्थानक माणसांच्या सोयीच्या ठिकाणी नव्हते. माणसे आल्यावर तरी पूर्वेकडच्या सपाटीवरून शहराच्या मध्यापर्यंत स्वतःचा फाटा काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि ती संधी नॉर्थ ब्रिटिशने साधली. माझ्या मते या कंपनीची खरी उणीव हीच.

वाट उरली

हॉइककडे जाणारा मार्ग १८४९ मध्ये पूर्ण झाला, १८६२ मध्ये तो कार्लाइलपर्यंत पोहोचला आणि 'वेव्हर्ली रूट' या नावाने शंभराहून अधिक वर्षे चालला. जानेवारी १९६९ मध्ये तो बंद झाला आणि स्कॉटलंडच्या सीमाभागातील गावे रेल्वेविना उरली. लोकांनी त्यासाठी दीर्घ काळ मागणी लावून धरली. ६ सप्टेंबर २०१५ रोजी एडिनबरा ते ट्वीडबँक अशी बॉर्डर्स रेल्वे सुरू झाली आणि तिचा एक भाग पुन्हा त्याच जुन्या डालकीथ मार्गावरून जातो. सेंट लेनर्ड्सच्या बाजूला मात्र रूळ परत आले नाहीत. बोगदा आणि त्याखालचा उतार सायकल मार्ग झाला, डडिंग्स्टनच्या तळ्याच्या बाजूने जाणारा हा रस्ता आज शहरातल्या लोकांच्या रोजच्या वापरात आहे, आणि वाटेतल्या ब्रेड बर्न ओढ्यावर १८३१ च्या काळातला ओतीव लोखंडाचा छोटा पूल अजून उभा आहे.

एस्कबँकच्या थोडे उत्तरेला, नॉर्थ एस्क नदीच्या खोल पात्रावर, जार्डीन यांनी बांधलेली एक उंच दगडी कमान आहे. ग्लेनेस्क पूल म्हणून ती ओळखली जाते. कोळशाच्या वाघिणी ओढणाऱ्या घोड्यांसाठी तिची उंची आणि रुंदी ठरवली होती. घोड्यांनंतर वाफेची इंजिने तिच्यावरून गेली, मग डिझेलची, मग ती बरीच वर्षे रिकामी होती. १९९० च्या दशकात तिची डागडुजी झाली. आता ट्वीडबँककडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर तिच्यावरून धावतात, ४ फूट साडेआठ इंचांच्या रुळांवर.